भीमपहाट, भीमोत्सव, भीम फेस्टिव्हल : नावे वेगळी, स्टेज एकच

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पाच कार्यकर्ते नाशिक शहरातल्या आणि आसपासच्या भीमगीतांच्या सहा कार्यक्रमांना गेलो. तिसऱ्या रात्री आमच्यातल्या एकाने पैज लावली. आता नमनाचे गाणे होईल, मग रमाईचे, मग संविधानाचे, मग निवेदक मोबाईलचे टॉर्च लावायला सांगेल, मग कव्वालीच्या ठेक्यावरचे ते एक गाणे, मग नगरसेवकांचा सत्कार. पैज तो जिंकला. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या रात्रीही जिंकला. टॉर्च सहाही ठिकाणी लागले. पाठीमागच्या एलईडी पडद्यावर तेच ढग, तीच चैत्यभूमी, तीच संसद. निवेदकाचा शेरही तोच, आणि त्यात दोन ठिकाणी तर निवेदकही तोच. नऊ वाजता एका मैदानावर त्याने जो गळा काढला, तोच अकरा वाजता दुसऱ्या मैदानावर काढला, आणि दोन्हीकडे "असा जनसमुदाय मी आयुष्यात पाहिला नाही" असे सांगितले.

आम्ही हसलो. मग घरी येताना शालिमारच्या पुतळ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा कोणी हसत नव्हते. सहा वस्त्यांपैकी एक नाल्याकाठची होती, एकीत सफाई कामगारांची घरे जास्त, एक शहराबाहेर द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्यांची. सहा रात्री गाणी ऐकून आम्हाला एकाही वस्तीबद्दल काही कळले नाही. कार्यक्रम उचलून एका मैदानावरून दुसऱ्यावर ठेवला असता तरी एक ओळ बदलावी लागली नसती. हा लेख त्याबद्दल आहे.

हिवाळा आला की इंग्रजी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक रडगाणे सुरू होते : सगळे म्युझिक फेस्टिव्हल सारखेच वाटू लागलेत. खरे आहे. गोव्यात 2007 ला सनबर्न आले, 2010 ला पुण्यात एनएच7 वीकेंडर, आपल्या नाशिकला 2008 पासून द्राक्षमळ्यात सुला फेस्ट, आणि 2023 च्या जानेवारीत मुंबईच्या रेसकोर्सवर थेट अमेरिकेचे लोलापलूझा. हे लोलापलूझा 1991 ला एका बँडच्या निरोपाच्या दौऱ्यासाठी निघाले होते. आज तो देशोदेशी उघडणाऱ्या शाखांचा ब्रँड आहे. मनगटावरचा पट्टा, रांगेतले खाण्याचे स्टॉल, फोटो काढायला उभी केलेली मोठमोठी अक्षरे सगळीकडे एकसारखी. त्यांचे ग्राहक कंटाळले असतील तर त्यांनी आपसात पाहून घ्यावे. हजारोंचे तिकीट काढणाऱ्याच्या कंटाळ्यावर उपाय शोधणे हे आंबेडकरी कार्यकर्त्याचे काम नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. त्यांचा मंच करमणुकीसाठी उभा राहिला आणि करमणुकीतच एकसुरी झाला. आपला मंच करमणुकीसाठी उभा राहिलेला नव्हता.

नाशिककरांनी तर हे विसरूच नये. आंबेडकरी जलसा म्हटले की पहिले नाव येते ते भीमराव कर्डकांचे, आणि ते याच जिल्ह्यातले, निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांचा जलसा गावोगाव फिरला. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे त्यांचे पुस्तक 1978 ला आले. ते मिळवून वाचा. एका जलशाची आणि दहा भाषणांची तुलना करणारे बाबासाहेबांच्या नावावरचे वाक्य आपण प्रत्येक बॅनरवर छापतो. पण त्या जलशात असायचे काय, हे विचारले तर बॅनर लावणारा गप्प.

असायचे ते असे. सत्यशोधक जलशाने तमाशाचा सांगाडा उचलला होता, गण, गवळण, बतावणी, वग. आंबेडकरी जलशाने तोच सांगाडा घेतला, त्यातला देव काढला, शृंगार काढला आणि त्या जागी माणसाचा प्रश्न बसवला. मेलेले जनावर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका, पोरांना शाळेत घाला, बुवाबाजी सोडा, पाणवठ्यावर हक्क सांगा. वगातला पाटील, सावकार, भट हे प्रेक्षकांनी त्याच दिवशी सकाळी पाहिलेले असत. रात्री त्यांना उघडे पाडले जाई आणि उजाडल्यावर ज्याला त्याला ठरवावे लागे की आता काय करायचे.

इथे कोणी म्हणेल, मग जलसेही एकसारखेच होते की! सांगाडा एकच, क्रम एकच. बरोबर आहे, आणि हा आक्षेप आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातूनच आमचे म्हणणे स्पष्ट होते. सांगाडा सारखा असण्याला आमचा आक्षेप नाही. सांगाडा सारखा असतो म्हणून तर गावातला पोरगा चार जलसे बघून पाचवा स्वतः उभा करू शकतो. आक्षेप आहे तो सांगाड्यात भरायचे मासही बाहेरून तयार होऊन येऊ लागले याला.

गाण्यांचेही तसेच. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. 1922 चा जन्म, 2004 ला नाशिकलाच गेले. शाळा नशिबात नव्हती, मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले. त्यांचे पहिले गीत 1943 चे, आणि तेही एका हिंदी सिनेगीताचे विडंबन होते! म्हणजे सिनेमाची चाल घेतली म्हणून गाणे बाटते, असे सांगणाऱ्या शुद्धतावाद्यांना आपल्या परंपरेत जागा नाही. वामनदादांची गाणी मराठवाड्यात, विदर्भात, मुंबईच्या चाळीत एकाच वेळी गायली जात होती. त्या अर्थाने महाराष्ट्रभर 'सारखेपणा' होताच, आणि तो चळवळीचे बळ होता. विखुरलेल्या वस्त्यांना आपण एक आहोत हे त्या गाण्यांनी शिकवले. पण ते गाणे वस्तीत आले की वस्तीचे होई. प्रत्येक गायन पार्टीची चाल वेगळी, ढोलकीचा हात वेगळा, आणि मध्येच कोणी स्वतःचे एक कडवे घुसडणार. दादा स्वतः ज्या गावी जात तिथले पाहून तिथेच लिहीत. गाणे एक होते, गाणारे अनेक होते. आज गाणारा एक आहे आणि आपण अनेकजण फक्त टॉर्च लावतो.

आता हे झाले कसे ते पाहू. 'तरुण पिढी बिघडली' हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ते आळशी उत्तर आहे. बिघाड पैशाच्या वाटेत आहे.

पूर्वी वर्गणी घरटी निघायची. ज्याने पन्नास रुपये दिले तो रात्री समोर बसून म्हणायचा, आमच्या नळाचं गाणं म्हणा. आज मंडळाचा खर्च इतका फुगला आहे की वर्गणी फक्त नावाला उरली. पैसा येतो तो इच्छुकाकडून, बिल्डरकडून, ठेकेदाराकडून. इतका पैसा एकदम आला की तो खर्च करायला 'इव्हेंट'वाला लागतो, आणि इव्हेंटवाल्याकडे पॅकेज असते : साऊंड, लाईट, एलईडी, ऑर्केस्ट्रा, दोन गायक, एक टीव्हीवरचा चेहरा, निवेदक. ऑर्केस्ट्राची दोन तासांची गाणी बसवलेली असतात. त्यात नवे गाणे घालायचे म्हणजे तालीम, तालीम म्हणजे वेळ. एप्रिलमध्ये त्या वादकांकडे वेळ नाही, कारण वर्षभराची कमाई त्यांना या तीन आठवड्यांत करायची आहे. एका रात्री दोन-दोन मैदाने मारणारा गायक तुमच्या वस्तीवर वग कधी बसवणार? त्याला दोष देऊ नका. मे महिन्यात त्याला कोणी विचारत नाही. विलास घोगरेंच्या जाण्याचे दुःख आपण रमाबाई नगरच्या गोळीबारासोबत दरवर्षी आठवतो. जिवंत कलावंताच्या घरात जूनमध्ये काय शिजते हे मात्र आपण विचारत नाही.

आणि ज्या ठेकेदाराने स्टेजचा खर्च उचलला, त्याच्या स्टेजवरून कंत्राटी सफाई कामगाराच्या बुडालेल्या पगाराचे गाणे कसे निघेल? कोणी बंदी घालत नाही. बंदीची गरजच पडत नाही. ज्या गाण्यावर कोणाचे काहीच बिघडत नाही तीच गाणी यादीत उरतात. बाबासाहेब महान होते, घटना त्यांनी लिहिली, आम्ही त्यांची लेकरे. यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि नेमके म्हणूनच व्यासपीठावरचा कोणताही पक्ष या वाक्यांवर टाळ्या वाजवू शकतो. सहा रात्रींत आम्ही चार वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना त्याच गाण्यावर मान डोलावताना पाहिले.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला अडोर्नो शिकवला होता. संस्कृतीचा कारखाना होतो, माल एकाच साच्यातून निघतो आणि वेगळेपणाचे फक्त लेबल चिकटवतात, हे त्याचे म्हणणे. इथे ते चपखल बसते. पण हाच अडोर्नो काळ्या माणसांच्या जाझ संगीताकडे नाक मुरडून बघत होता, हेही ध्यानात ठेवलेले बरे. लोकांच्या करमणुकीवर टीका करता करता लोकांवरच थुंकण्याची खोड विद्वानांना लवकर लागते. आपल्याकडे तिचे रूप आपण दर एप्रिलमध्ये पाहतो.

म्हणून डीजेबद्दल. नियम आम्हाला माहीत आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहानंतर लाऊडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट. हे नियम वर्षातले बाराही महिने लागू असतात. पण ज्यांचे कान सप्टेंबरात ढोलताशांनी तृप्त होतात त्यांचे तेच कान 14 एप्रिलला अचानक नाजूक होतात. अशा कानांना आम्ही उत्तर देणे लागत नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या पूर्वजांना सावली सांभाळत जावे लागले, त्या रस्त्यावर गाजावाजा करत चालणे हा कार्यक्रम नाही, तो हक्क आहे. काळाराम सत्याग्रहाच्या त्या पहिल्या मिरवणुकीच्या अग्रभागी बँड होता, त्यामागे पाचशेच्या आसपास स्त्रिया चालत होत्या. आपल्याला वाजंत्र्याचे वावडे कधीच नव्हते.

आमची तक्रार आवाजाच्या मोठेपणाची नाही. त्या आवाजात शब्द नाही, ही तक्रार आहे. डीजेच्या भिंतीपुढे उभे राहून बघा. छातीत दणका बसतो, गाण्याचा एक शब्द कळत नाही. वामनदादांचे गाणे असो की हळदीचे, दणका तोच. ज्या चळवळीने गाण्यातून बाराखडी शिकवली तिच्याच मिरवणुकीत शब्द ऐकू येईनासा व्हावा, याचे वाईट वाटायला कोणी ब्राह्मणी असावे लागत नाही.

दुसरे टोक म्हणजे भीमपहाट. डीजे नको म्हणणाऱ्या आपल्या नोकरदार, सुशिक्षित वर्गाने हा तोडगा काढला आहे. नाशिकला पिंपळपारावरची पाडवा पहाट प्रसिद्ध आहे. तशीच आपली. रेशमी झब्बे, तानपुरा, रांगोळी, गुलाबपुष्प, अलंकारिक मराठीत निवेदन. आम्ही अशा एका पहाटेला गेलो होतो. गायिका उत्तम होती, हे आधी सांगतो. राग कोणाच्या बापाची जहागीर नाही, आपल्या मुलामुलींनी तो शिकावा, गावा. पण त्या सभागृहात वस्तीतले कोण होते? आयोजकांपैकी एकाने आम्हाला अभिमानाने सांगितले, "अगदी त्यांच्या कार्यक्रमासारखं वाटतं की नाही?" वाटत होते. तेच तर दुखणे. डीजेवाला सिनेमाची नक्कल करतो, पहाटवाला सदाशिव पेठेची. दोघांनाही आरशात स्वतःचा चेहरा नको आहे.

चेन्नईकडे बघा. तिथे मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, सभागृहांमध्ये कर्नाटक संगीताचा हंगाम असतो, तो परंपरेने कोणाचा हे वेगळे सांगायला नको. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने 2020 च्या डिसेंबरात त्याच महिन्यात 'मार्गळीयिल मक्कळिसै' सुरू केले, लोकांचे संगीत. गाना, परई, ओप्पारी. ज्या परई वाद्याला अस्पृश्य मानले ते वाद्य त्या हंगामात मंचावर आले. त्यांनी महिना घेतला, नक्कल घेतली नाही. आपण पहाट घेतली ती नकलेसकट.

1969 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या समाजाचा सांगीतिक महोत्सव सहा रविवार भरला. मोफत, भर वस्तीतल्या बागेत. त्याच उन्हाळ्यात वुडस्टॉक झाले. वुडस्टॉक जगभरच्या फेस्टिव्हलांचा नमुना ठरले. हार्लेमचे चित्रीकरण मात्र पन्नास वर्षे पडून राहिले आणि 2021 ला 'समर ऑफ सोल' या माहितीपटातून लोकांसमोर आले. पँथरचे नाव घेणाऱ्या तरुणांनी तो जरूर पाहावा. कोणाचे नमुने जगभर जातात आणि कोणाचे तळघरात, हे त्यातून दिसते. आपल्या जलशाला तर आपणच तळघरात टाकले, दुसऱ्या कोणी टाकायची वाट पाहिली नाही.

जुने ते सगळे सोने, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जलशात स्त्रिया नव्हत्या. स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. तमाशात आपल्याच बायकांची जी विटंबना झाली तिच्यावरचा तो उपाय होता हे समजते, पण त्या उपायाने त्यांचा आवाजही बाहेर ठेवला. आणि ज्या मोबाईलला आम्ही आत्तापर्यंत मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्याच मोबाईलने एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात घराघरात पोचवल्या. कोणत्याही इव्हेंटवाल्याने त्यांना शोधले नव्हते. तेव्हा यंत्र शत्रू नाही. तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावेल तेवढेच गाणे लिहायचे, ही सवय शत्रू आहे.

सहाव्या रात्रीची गोष्ट राहिली. नाशिकरोडच्या बाजूची वस्ती. तिथले एक बाबा, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तरच्या पुढे. कधीकाळी त्यांची गायन पार्टी होती. मंडळाच्या पोरांनी आदराने त्यांना स्टेजवर बोलावले, निवेदकाने सात मिनिटे दिली. कीबोर्डवाल्याने विचारले, "बाबा, स्केल कुठली?" बाबा म्हणाले, "तू वाजव, मी गातो." त्याने वाजवले, यांनी गायले, दोन्ही दोन दिशांना. दुसऱ्या कडव्याला निवेदक हसत पुढे आला, शाल घातली, माईक काढून घेतला. टाळ्या पडल्या. गाणे 2008 च्या गोदावरीच्या पुराचे होते. कोणाची भांडी वाहिली, पंचनाम्याला कोण आले, कोण आलेच नाही, सगळे नावानिशी. सहा रात्रींत ऐकलेले वस्तीबद्दलचे ते एकमेव गाणे होते आणि ते दीड कडवे ऐकायला मिळाले.

कार्यक्रमानंतर आम्ही त्या मंडळाच्या पोरांशी भांडलो. सरळ सांगतो, आवाज चढले. "तुम्ही शिकलेले लोक फक्त नावं ठेवता, तुम्ही काय केलं?" असे त्यातल्या एकाने विचारले. प्रश्न बरोबर होता. आम्ही दहा वर्षे अभ्यासवर्ग घेतले, मोर्चे काढले, अर्ज लिहून दिले, आणि गाणे इव्हेंटवाल्यावर सोडले. जलशाला आम्हीही फक्त शोधनिबंधाचा विषय केला होता.

म्हणून त्याच पोरांबरोबर बसून पुढच्या एप्रिलसाठी काही ठरवले आहे. दोन रात्रींऐवजी एकच रात्र. ऑर्केस्ट्रा येईल, त्याला घालवायचा नाही, पण दहानंतर तसेही बंद करावे लागते म्हणून सुरुवात सातला आणि पहिला तास वस्तीचा. त्या तासात सत्कार नाही, शाल नाही, पुढाऱ्याची खुर्ची खाली. तासाभराचा वग आहे, कंत्राटी सफाई कामगारांच्या पगारावर, आणि तो लिहायला दोन कामगार बायका बसल्या आहेत. त्यांना वगात मुकादमाचे काम पुरुषाला द्यायचे नाही, स्वतःच करायचे आहे. गायन पार्टीला ऑर्केस्ट्राइतके नाही तरी ठरवून मानधन, आणि ते कार्यक्रमाआधी हातात. खर्च वर्गणीतून भागेल का? हिशेब मांडला तेव्हा भागत नव्हता. एलईडी पडदा काढला तेव्हा भागला. पडदा काढण्यावरून अजून मंडळात वाद चालू आहे आणि तो आम्ही जिंकूच असे नाही.

इतर वस्त्यांतल्या मित्रांना सांगणे इतकेच की आमचा वग नेऊ नका. तुमच्याकडे पगाराचा प्रश्न नसेल, गायरानाचा असेल, शिष्यवृत्तीचा असेल, वसतिगृहाचा असेल. दादासाहेब गायकवाडांच्या जिल्ह्यात जमिनीवर वग लिहायला विषय कमी पडू नये. सांगाडा हवा असेल तर जरूर मागा, तो कोणाच्याही मालकीचा नाही.

बाबांची वही आमच्याकडे आहे. प्रेसच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहिलेली त्रेचाळीस गाणी, काही पाने पुरात भिजून शाई उतरलेली. आम्ही ती टाईप करायला घेतली आहेत आणि दर रविवारी एकजण जाऊन बाबांकडून चाल फोनवर उतरवून घेतो. तीन गाण्यांची चाल त्यांना आता आठवत नाही. त्यांच्या पार्टीतला ढोलकीवाला देवळाली गावात राहायचा, त्याच्या घरच्यांचा शोध चालू आहे. कोणाला माहिती असल्यास कळवावे.

जय भीम.